पावसाआधीचा अंक

मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ पावसाच्या गाण्यांचा अल्बम म्हणून ओळखला जातो, पण त्याची सुरुवात होते ती घामाने. पहिल्यांदा कानावर येतो तो बोलणारा आवाज. गाणारा नंतर येतो. सौमित्र, म्हणजे किशोर कदम, उन्हाबद्दल कुरकुरत असतात. कुरकुरही अगदी घरगुती, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी करावी तशी: उन्हाळा यंदा अंमळ कडकच आहे, आणि हे आपण गेल्या वर्षीही म्हणालो होतो. मग पाय आणि मन यांच्यातली फारकत, अंगात घामाखेरीज कुणाचीच हालचाल नाही, अशी ती दुपार. मग कुठूनसा एक ढग सूर्यापुढे येतो. उनाड वारा छपरांवर चढतो. संध्याकाळ होते. पाऊस अजून पडलेला नाही. आणि तो पडायच्या आत बोलणं थांबून गाणं सुरू होतं.

ही सगळी मिनिटं बदलापुरात ऐकावीत, आणि तीही मे महिन्यात. मुंबईच्या आसपासच्या तापमानाच्या बातम्या येतात तेव्हा बदलापूरचं नाव वरच्या ओळीत असतं. पारा चाळिशी ओलांडून बेचाळीसपर्यंत जातो. समुद्र लांब आहे. मुंबईकराला दुपारीच मिळणारा खारा वारा खाडी ओलांडून, कल्याणवरून, उल्हासच्या खोऱ्यात पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणजे सौमित्रच्या कवितेतला घटनाक्रम इथल्या हवामानाचाच आहे: आधी भाजणं, मग बऱ्याच उशिरा वारा, मग मलंगगडाच्या बाजूला काळवंडलेलं काहीतरी. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नव्या इमारतींमध्ये नव्वदच्या दशकात जी मराठी कुटुंबं गिरगाव, दादर, परळहून येऊन राहिली, त्यांच्याकडे हा अल्बम कॅसेटच्या रूपात आला. त्यांना त्यातलं ऊन कुणी समजावून सांगायला नको होतं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ‘गारवा’ची वाखाणणी होते ती चालींसाठी आणि पावसासाठी. माझ्या मते त्याची खरी ताकद रचनेत आहे, आणि ती रचना नाटकाची आहे. इथे एकच नायक आहे आणि त्याला दोन आवाज आहेत. एक बोलतो, एक गातो.

संगीत नाटकाला ही विभागणी माहीत नव्हती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून आपल्याकडे जो गद्य बोलतो तोच पद म्हणतो. बोलता बोलता भावना दाटली की नट ऑर्गनच्या सुराकडे वळतो, आणि प्रेक्षक समजून घेतो की आता या माणसाचं नुसतं बोलून भागणार नाही. कीर्तनात बुवा निरूपण करतात आणि मग अभंग उचलतात. उल्हासनगरच्या कॅम्पांत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ‘भगत’ हा प्रकार सोबत आणला. त्यातही पायघोळ जामा घातलेला, पायांत घुंगरू बांधलेला भगत किस्सा सांगतो, गातो, नाचतो, पुन्हा किस्स्यावर येतो. बोलण्यातून गाण्यात शिरणं हे या पट्ट्यातल्या कुणाही वडीलधाऱ्याला नवं नव्हतं. मात्र या सगळ्या प्रकारांत देह एकच होता. ‘गारवा’त तो ऐकणाऱ्याच्या मनात जुळवावा लागतो. सौमित्रचा जाडसर, थोडा थकलेला, शब्दाशब्दावर रेंगाळणारा आवाज आणि इंगळ्यांचा हलका, मऊ आवाज हे एकाच माणसाचे आहेत असं आपण न सांगता मान्य करतो. तो माणूस बाहेरून असा बोलतो आणि आतून असा गातो.

हे जमून आलं याचं बरंचसं श्रेय किशोर कदम नट आहेत याला द्यावं लागेल. सत्यदेव दुबे यांच्या तालमीत तयार झालेला हा नट. पुढे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) त्यांनी कचरू माने उभा केला, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की त्या भूमिकेत बोलण्यापेक्षा गिळून टाकलेलं जास्त आहे. कविता म्हणतानाही ते तेच करतात. मराठीत काव्यवाचनाचा एक ठरलेला सूर आहे. ओळीच्या शेवटी आवाज वर नेऊन टाळीसाठी जागा करायची. सौमित्र ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडतात. यमक असतं, पण ते त्याच्यावर बोट ठेवत नाहीत, पुढच्या ओळीत सरकतात. त्यामुळे कविता ऐकताना ती कुणी लिहिलेली आहे हे विसरायला होतं. कार्यक्रमातला निवेदक पुढच्या गाण्याची ओळख करून देतो. सौमित्र तसं काही करत नाहीत. ते पात्रासारखे विचार करत असतात आणि आपण ते चोरून ऐकत असतो.

इंगळ्यांनी याला उत्तर म्हणून जी गायकी निवडली तीही तितकीच नेमकी. हा गायक गळ्याची तयारी दाखवत नाही. ताना नाहीत, भावगीतात हमखास येणारी ती अंतऱ्यानंतरची लांबवलेली हरकत नाही. आवाज माइकच्या अगदी जवळ आहे, जणू बोलणाऱ्याने कुजबुज सुरू केली आणि तिला सूर सापडला. वाद्यमेळ मागे राहतो. त्या काळच्या कीबोर्डचा गुळगुळीतपणा आज कुठे कुठे खटकतो हे खरं. नव्वदीतल्या बहुतेक मराठी ध्वनिमुद्रणांना तो डाग आहेच. पण चाल आणि शब्द यांच्या मध्ये तो येत नाही.

पाश्चात्य देशांत या घराण्याला चेंबर पॉप म्हणतात. पॉपचंच गाणं, पण मोठ्या मैदानासाठी नव्हे. चार भिंतींतल्या श्रोत्यासाठी, तंतुवाद्यांच्या साथीने, आणि गायक गायकापेक्षा नटाच्या जास्त जवळचा. स्कॉट वॉकरने आपला लोकप्रिय गट सोडून १९६७ साली ‘स्कॉट’ हा एकट्याचा अल्बम काढला. त्यात बेल्जियन गायक जॅक ब्रेलची गाणी इंग्रजीत होती, आणि ब्रेलचं प्रत्येक गाणं म्हणजे एका माणसाचं तीन-चार मिनिटांचं नाटक. आपल्याकडे त्याच नव्वदीत हिंदीतला इंडिपॉप जोरात होता. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५चं, लकी अलीचं ‘सुनो’ १९९६चं. तिथे चेहरा आणि व्हिडिओ हाच अल्बमचा रंगमंच होता. ‘गारवा’तलं नाटक पडद्याशिवायही उभं राहत होतं. नाटक पाहायचं तर अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला गाडी धरून दुसऱ्या शहरातल्या नाट्यगृहात जावं लागे. हे नाटक टेपरेकॉर्डरवर, ओट्यापाशी भाजी चिरताना होत होतं.

यातला सगळ्यात गमतीचा प्रवेश म्हणजे पावसावरून होणारं कवितेतल्या त्याचं आणि तिचं भांडण. त्याला पाऊस नकोसा, तिला हवाहवासा. सौमित्र दोघांचीही वाक्यं एकट्याने म्हणतात. तो म्हणतो चिखल, ती म्हणते हिरवळ. त्याला खराब झालेले कपडे दिसतात आणि रखडलेली कामं. तिचा सवाल वकिली आहे: मी आवडते आणि पाऊस आवडत नाही, हे कसलं गणित? कविता दोघांनाही समान ओळी देते, पण पारडं तिच्याकडे झुकलेलं आहे. तिच्या वाट्याला येणाऱ्या प्रतिमा जास्त देखण्या, त्याच्या वाट्याला नुसत्या तक्रारी. आता हे भांडण बदलापूर स्थानकाच्या पुलावर, जुलैत, सकाळी, ऐकून पाहा. तिथे मतदान घेतलं तर तो भरघोस मतांनी निवडून येईल. भिजलेल्या पँटा, रुळांवर पाणी, ‘गाड्या उशिराने धावत आहेत’ची घोषणा, उल्हासनगरात गुडघाभर पाण्यातून ढकलत नेलेल्या रिक्षा. त्याची बाजू ही आपली, रोज गाडीने जाणाऱ्यांची बाजू आहे. तरीसुद्धा ऐकताना आपण तिच्याकडून होतो. हा कवितेचा विजय की लबाडी, हे ठरवणं मला जमलेलं नाही, आणि ठरवायची फारशी इच्छाही नाही.

कवितेचा शेवट मात्र लबाड नाही. तिला त्याच्याकडून एवढंच हवं आहे की आपण आवडावं ते पावसासकट. पाऊस इथे हवामान राहत नाही. तो तिच्या स्वभावाचा असा भाग होतो जो त्याला परवडत नाही. लग्नाला दहा वर्षं झालेल्या कुणालाही विचारा, हे भांडण पावसावरून नसतंच. आणि ती रुसून जाते कुठे? भिजायला. म्हणजे तिने भांडण जिंकण्याची वाट पाहिली नाही, पाऊस तेवढा घेतला.

गाण्यांमध्ये ‘पाऊस दाटलेला’ मला सर्वांत वरचं वाटतं. त्याचं कारण घर. बाकी अल्बममध्ये पाऊस झाडांवर, ढगांत, वाटेवर आहे. इथे तो घरावर येऊन थांबला आहे आणि घराच्या दाराला कुणाच्या तरी पावलांचा भास होतो. भास दाराला होतो, माणसाला नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे. वाट पाहणाऱ्याने आपली अधीरता दारावर ढकलून दिली आहे; मी कुठे वाट पाहतोय, ते दारच मेलं कान देऊन बसलंय. इंगळ्यांनी चाल लावताना या संकोचाचा मान राखला. इथे टाहो फोडला असता तर दाराचा बहाणा उघडा पडला असता. ते आवाज चढवत नाहीत. पाऊस पडत नाही, पावलं येत नाहीत, आणि गाणं त्याच तोल सांभाळलेल्या अवस्थेत संपतं.

हेच अल्बमचं मूळ सूत्र आहे असं मला वाटत आलं आहे. नावच बघा: ‘पाऊस’ नाही, ‘गारवा’. पाऊस येण्याआधी हवेत उतरतो तो. बहुतेक गाणी कोसळण्याच्या अलीकडची आहेत, आणि बोलण्यातून गाण्यात जाण्याचा तो प्रत्येक क्षणही तसाच अलीकडचा आहे. ऐकणारा थांबून राहतो, आवाज बदलतो, सुटका होते. दोन-तीनदा हे झालं की आपल्याला सवय लागते, आणि मग सौमित्र बोलत असतानाच आपण मनातल्या मनात इंगळ्यांची वाट पाहायला लागतो. नायकाची जी अवस्था, तीच ऐकणाऱ्याची करून टाकण्याची ही युक्ती पक्क्या नाटकवाल्याची आहे.

‘पुन्हा पावसाला सांगायचे’मध्ये एक वेगळी गंमत आहे. पावसालाच बजावायचं की थेंबांची वाटणी कशी करायची, कुणाच्या वाट्याला किती. कवीला ही कल्पना लाडिक वाटली असेल. बारवी धरणावर ज्यांची तहान अवलंबून आहे त्यांना ती लाडिक वाटत नाही. एमआयडीसीचं हे धरण अंबरनाथपासून मीरा-भाईंदरपर्यंत पाणी पुरवतं, आणि उन्हाळा वाढला की कुणाला किती थेंब हा प्रश्न आठवड्याच्या पाणीकपातीच्या वेळापत्रकात छापून येतो. कवितेचा अर्थ असा भूगोलाने वाकतो तेव्हा मला आनंदच होतो. गाणं आपल्या गावात राहायला आलं, याची ती खूण.

आता सौमित्रच्या त्या कवितेकडे, जी पावसाळा लागला की कुणाच्या ना कुणाच्या तोंडी येतेच: ‘बघ माझी आठवण येते का’. ती जवळजवळ सगळी आज्ञार्थी क्रियापदांवर उभी आहे. खिडकीपाशी जा, हात बाहेर काढ, ओंजळीतलं पिऊन टाक, नाहीच काही आठवलं तर समुद्रावर जा, परत ये, ओली साडी तशीच राहू दे, नवऱ्याची वाट पाहा. या ओळी नाटकाच्या संहितेत कंसात असतात तशा रंगसूचना आहेत. संवाद कुणालाच दिलेला नाही, एका खोट्या उत्तराचा अपवाद सोडला तर. नवरा विचारेल भिजलीस कशी, तेव्हा तिने घराच्या गळतीचं कारण पुढे करायचं. इतक्या लांब पावसातून चालून आलेल्या बाईच्या तोंडी कवीने ठेवलेलं एकच वाक्य, आणि तेही छपराबद्दल. मराठी प्रेमकवितेत याहून चोख उपरोध थोडाच सापडेल.

मग येतो तो प्रसिद्ध तपशील. नवरा पंकज उधास लावतो. तिने तो बंद करून किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ लावायचं. एका ओळीत दोन माणसांमधलं अंतर मोजून दाखवलं. उधासांच्या चाहत्यांना हे लागतं, लागायलाच हवं. कवितेतला नवरा काही वाईट माणूस नाही. तो रेनकोट घालून वेळेवर घरी येतो, जवळ घेतो, आवडतेस म्हणतो. त्याचा गुन्हा एवढाच की त्याची आवड सोपी आहे. किशोरीताईंचा भूप त्या खोलीत सुरू होतो तेव्हा तिथे नसलेला तिसरा माणूस आत येऊन बसतो. नटाला रंगमंचावर न आणता त्याचा प्रवेश घडवणं यालाच म्हणतात.

पण इथेच तक्रारही करायला हवी. ती बाई सबंध कवितेत काय करते? सांगितलेलं. भांडणाच्या कवितेत तिला तोंड होतं, पण ती वाक्यंही त्याच्याच घशातून आली. सगळा पाऊस त्याच्या डोळ्यांनी, त्याच्या आठवणीत पडतो. तिला खिडकीत उभं करणारा, भिजवणारा, केस ओले ठेवायला लावणारा हा माजी प्रियकर जरा हुकूमशहाच आहे, आणि सौमित्रच्या आवाजाची मोहिनी अशी की ते आपल्या फार उशिरा ध्यानात येतं. एकपात्री नाटकाची ही मर्यादा असते. समोरचं पात्र नट ज्या दिशेला बघतो तिथेच उभं राहू शकतं. एखाद्या गायिकेने तिच्या बाजूचा ‘गारवा’ केला असता तर त्यात नवरा, पंकज उधास आणि हा सूचना देणारा यांचं काय झालं असतं, याची मला उत्सुकता आहे.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाही. ‘गारवा’ २६ जुलै २००५च्या आधीचा आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास बदलापूरच्या घरांत शिरली. २०१९च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात उतरणारी वालधुनी एरवी कारखान्यांचं पाणी वाहते, पावसाळ्यात ती वस्तीत येते. या अल्बममध्ये नदी नाही. थेंब आहेत, सरी आहेत, उधाणलेला समुद्र आहे, पण फुगणारं, कडेला राहणाऱ्यांच्या भांड्याकुंड्यांवर हक्क सांगणारं पाणी नाही. तो ज्या काळात ध्वनिमुद्रित झाला त्या काळातल्या मध्यमवर्गाला पाऊस अजून निर्धास्तपणे आवडू शकत होता. आज हवामान खात्याचा रेड अलर्ट मोबाइलवर वाजत असताना ‘पाऊस दाटलेला’ लावलं, तर घरावर दाटलेल्या त्या ढगाकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहतो. गाण्याचं त्याने नुकसान होत नाही. उलट, दाराला होणारा तो भास अधिक अस्वस्थ करतो.

याच जोडीने पुढे ‘सांज गारवा’ केला. त्यात गोडवा आहे, सराईतपणाही आहे. मात्र पहिल्या वेळी न ठरवता सापडलेलं पात्र दुसऱ्या वेळी ठरवून बोलावल्यासारखं वाटतं. ते ज्यांना आवडतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

मुद्दा राहिला तो ऐकण्याच्या पद्धतीचा. कॅसेटमध्ये पुढे पळवणं कटकटीचं होतं, म्हणून कविता आपोआप ऐकल्या जात. आता मोबाइलवर गाणी सुटी मिळतात आणि निम्मी मंडळी सौमित्रला वगळून थेट चालीवर जातात. तसं केलं तर ‘पुन्हा पावसाला सांगायचे’ एकट्याने उभं राहतं. त्याची कल्पना स्वतःत पुरी आहे. ‘झाडाखाली बसलेले’ही बऱ्यापैकी तगतं. शीर्षकगीताचं मात्र तसं नाही. त्याच्या आधीची ती उन्हातली मिनिटं काढून टाकली, तर ते वाऱ्यावरचं एक चांगलं, हलकं प्रेमगीत एवढंच उरतं. त्या सुरांना घाम फुटलेला माणूस आधी भेटावा लागतो.